मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात, मग दुसऱ्या दिवशी काय होतं?

पत्र आलंय मालवण तालुक्यातून. थोडं कापून देतेय, गाव ओळखता येईल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी ३२ वर्षांची. माहेर कोल्हापूरकडचं, सासर इथे खाडीकाठी. आधी पुण्यात एका कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते, लॉकडाऊनमध्ये गावी आलो ते इथेच राहिलो. गावात खाडी पर्यटन सुरू करायचं म्हणून आम्ही ग्रुप केलाय, होडीतून कांदळवन आणि पक्षी दाखवायचे, घरगुती राहणं-जेवण द्यायचं. ग्रुपमध्ये सगळे आहेत, मच्छीमार आहेत, वरच्या वाडीतले माडबागायतवाले आहेत ज्यांची घरं होमस्टेसारखी आहेत, मोहल्ल्यातले दोन होडीवाले आहेत, बचत गटाच्या बायका आहेत, मुंबईहून रिटायर होऊन आलेले एक काका आहेत आणि एका संस्थेकडून आलेली नागपूरची सागरी जीवशास्त्राची मुलगी आहे. मी समन्वयक. सगळ्यांनी मिळून ठरवलं की बेटामागचा खाडीचा भाग राखीव ठेवायचा, तिथे कोणी काही काढायचं नाही, म्हणजे पक्षी टिकतील आणि पर्यटकांसाठी शांत जागा राहील. एकाचाही विरोध नव्हता. भांडण तर आमच्यात कधीच होत नाही. पण काम पुढे सरकतच नाही. काका दीड तास बोलतात, नागपूरची मुलगी पीपीटी दाखवते, तीन मीटिंग तर लोगोवर गेल्या. बायका काही बोलतच नाहीत, विचारलं तर 'तुमी ठरवशात तसा' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिसरे (खाडीतले शिंपले) काढायला जातात. मी टीम लीडरशिपचा ऑनलाइन कोर्सपण केला, फॉर्मिंग-स्टॉर्मिंग वगैरे सगळं समजून घेतलं. आता वाटतं की सगळ्यांना सोबत घ्यायच्या नादात काहीच होणार नाही, त्यापेक्षा आपल्या विचाराचे चार-पाच जण घेऊन सुरू करावं, बाकीचे येतील मागून. काय करू?"

गो बाय, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला काकांचाच राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू काकांवर पाच ओळी लिहिल्यास (मी कापल्या), पीपीटीवर तीन, आणि ज्या बायका रोज त्या चिखलात उतरतात त्यांच्यावर एक वाक्य. आणि तुझं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

जरा हिशोब मांडून बघ. बेटामागचा भाग बंद केला तर कोणाचं काय जातं? काकांचं काही जात नाही, त्यांची पेन्शन चालू आहे. होमस्टेवाल्यांचं काही जात नाही, उलट गिऱ्हाईक येणार. होडीवाल्यांना फेऱ्या मिळणार. नागपूरच्या मुलीला प्रोजेक्टमध्ये दाखवायला संरक्षित क्षेत्र मिळणार. तुलाही काहीतरी उभं केल्याचं समाधान मिळणार आणि ते मिळावंच, त्यात वाईट काही नाही. आणि तिसरे काढणाऱ्या बायकांचं? त्यांची ओहोटीची जागा जाते, घरातलं कालवण जातं, आणि बाजारात वाटे लावून जे हातात येतं ते जातं, जे नवऱ्याला न विचारता खर्च करता येतं बहुतेक. म्हणजे ठराव सगळ्यांचा आणि बिल एकट्या त्यांचं. आता तूच सांग, ज्या मीटिंगमध्ये सासरे बसलेत, दीर बसलाय, मुंबईचे साहेब बसलेत, तिथे त्यांनी उठून "आम्ही नाही सोडणार" असं म्हणायचं होतं का? त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कोयती आणि टोपली घेऊन तिथेच गेल्या. विरोध नव्हता असं तू लिहिलंयस, अगं हाच विरोध होता, फक्त मिनिट्समध्ये आला नाही.

आणि "भांडण कधीच होत नाही" हे तू कौतुकाने लिहिलंयस पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या एक बाई आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स बघितल्या, औषधं देताना चुका किती होतात ते बघायला. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे आले उलटे, ज्या टीम चांगल्या चालल्या होत्या त्यांच्याकडे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. शोध घेतल्यावर असं पुढे आलं की तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती, बाकीच्या ठिकाणी लपवत होती. तुमच्याकडे सहा प्रकारची माणसं, सहा प्रकारचं पोट, आणि एकदाही वादावादी नाही? म्हणजे लोक वाद दुसरीकडे घालतायत, पिंपळाच्या पारावर, मासळी बाजारात, घरी चुलीपुढे. तिथपर्यंत तुझा ग्रुप पोचलेला नाही.

आता तो कोर्स. फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग (माणसं जमतात, भांडतात, नियम ठरवतात, मग कामाला लागतात) हे ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं, आणि ते मांडताना त्याने जे अभ्यास एकत्र केले ते बहुतेक थेरपी आणि ट्रेनिंगच्या ग्रुपवरचे होते, म्हणजे अनोळखी माणसं एका खोलीत आली आणि हळूहळू टीम झाली. कंपनीत ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण तुझ्या गावात फॉर्मिंग कधी झालं ते कोणाच्या आज्याला पण माहीत नसेल, आणि स्टॉर्मिंग कुठल्यातरी गडग्यावरून किंवा पालखीच्या मानावरून कधीच होऊन गेलंय आणि अजून मिटलेलं नाही. तू कोल्हापूरहून आलीस म्हणून तुला ते दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं, मीटिंगमध्ये कोण कोणाच्या शेजारी बसत नाही ते बघ एकदा. कोर्स फुकट गेला असं नाही म्हणत, पण त्याच्या पायऱ्या इथे शोधू नको.

बायका बोलत नाहीत हेही मला पटत नाही. मी बँकेत होते, गटांची कर्जं बघायचे, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलायला आवडतं, सहन कर. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला, त्यानंतर किती पसरलं ते आपण बघतोच. तर ज्या बाई तुझ्या मीटिंगमध्ये पदर सावरत गप्प बसतात त्याच बाई गटाच्या बैठकीत "तुझो हप्तो दोन महिने थकलो, आधी तो भर" असं तोंडावर सांगतात, आणि समोरची जाऊ असली तरी सांगतात. का? कारण तिथे पैसा त्यांचा आहे, नियम त्यांनी केलेत, आणि वही त्यांच्याकडे आहे. तुझ्या मीटिंगमध्ये यातलं एकही नाही. तेव्हा "बायकांना बोलतं कसं करायचं" हा प्रश्न सोड, त्यांना बोलता येतं. त्यांनी बोललेल्याने काही बदलतं का, ते बघ.

मग करायचं काय. आधी मीटिंगची वेळ. तुमची मीटिंग दर रविवारी सकाळी १० ला असते असं तू लिहिलंयस. ओहोटी काही रविवार बघून येत नाही, रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काही रविवारी १० वाजता नेमकी सुकती असणार आणि त्या दिवशी मीटिंगला बसणं म्हणजे त्या बाईचा दिवस बुडाला. मासे विकणारणीला तर सकाळची वेळ कधीच जमायची नाही. जून-जुलैत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत, होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष जाळी विणत बसतात आणि निवांत बोलतात, पण त्याच दिवसांत बायका लावणीला चिखलात. म्हणजे सगळ्यांना एकत्र जमेल अशी वेळ तुमच्या गावात बहुतेक नाहीच आणि ती शोधण्यात वर्ष घालवू नको. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळं बोल. गटाच्या बैठकीत जा, त्यांच्या वेळेला, त्यांच्या अंगणात. पुरुषांकडे जाळी विणायच्या जागी जा. मोहल्ल्यात जा, शुक्रवारची दुपार सोडून. एकत्र मीटिंग महिन्यातून एकदा पुरे, आणि तिच्यात फक्त बाहेर झालेलं बोलणं मांडायचं.

आणि पहिलं काम, ओहोटीला त्यांच्याबरोबर उतर. पुढच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत पाणी लांब ओसरतं आणि खाजण (खाडीतला चिखलाचा पट्टा) पूर्ण उघडं पडतं तेव्हा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी ओसरतं तेव्हा) गेलीस तर फार काही दिसायचं नाही आणि बायका पण फारशा येणार नाहीत. नागपूरच्या मुलीला घे बरोबर. लॅपटॉप नाही, फॉर्म नाही, मोबाईलवर शूटिंग तर अजिबात नाही. दोघी पण टोपली घ्या आणि तिसरे काढा, नाही जमणार, हसतील तुम्हाला, हसू देत. कंबर मोडेल तेव्हा कळेल की त्यांना काय सोडा म्हणून सांगितलंत तुम्ही. मग हळूच विचारायचं, कोण कोण येतं इथे, कुठल्या घरातलं जास्त येतं, घरी खायला किती आणि विकायला किती, आधी एवढ्या वेळात टोपली भरायची का, आता भरते का, बारके सोडता की नेता. माझा अंदाज सांगू? ज्या घरात होडी नाही आणि माडपण नाहीत तिथलीच बाई सगळ्यात जास्त येत असणार. आणि ती तुमच्या ग्रुपमध्ये नसणार. ग्रुपमध्ये गटाची अध्यक्ष आणि सचिव असणार, ज्यांची परिस्थिती त्यातल्या त्यात बरी. हे तपास.

नागपूरच्या मुलीचा खरा उपयोग इथे सुरू होतो. ती तिसऱ्यांची मापं घेईल, बायका कुठे पिल्लं जास्त सापडतात ते दाखवतील, आणि दोघींचं जुळलं तर पूर्ण बंदीपेक्षा बरा मार्ग निघू शकतो. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे, तिथे याच जातकुळीचे शिंपले काढतात, १९९० च्या सुमाराला अतोनात उपसा होऊन उत्पादन पडलं होतं. त्यांनी सरोवराला कुलूप नाही लावलं, शास्त्रज्ञ आणि काढणारे एकत्र बसून नियम झाले, डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात बंद, जाळीचा आस (छिद्राचा आकार) ठरलेला, बारके काढायचे नाहीत. २०१४ मध्ये त्या शिंपल्यांना एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. तिथले महिने उचलून इथे लावू नका, आपल्या खाडीतली जात वेगळी असेल, पावसाने पाणी गोडं होतं त्याचं गणित वेगळं असेल, ते या दोघींनीच ठरवायचं. आणि अजून एक काम दे तिला. पक्षी बायकांमुळे उडतात का होडीच्या इंजिनामुळे, हे मोजायला सांग. बायका वाकून काढत असतात तेव्हा बगळे त्यांच्या आजूबाजूलाच फिरत असतात हे कोणीही सांगेल. इंजिनाची होडी पर्यटकांना घेऊन दिवसातून आठ वेळा गेली तर काय होईल ते कोणी बोललंय का तुमच्यात? म्हणजे बायकांनी जागा सोडायची आणि त्या जागेत आपण आवाज करत फिरायचं, असं तर होत नाही ना? मोजल्यावर आकडा तुमच्या ठरावाच्या विरुद्ध आला तर तो पण मीटिंगमध्ये वाचायचा, दाबायचा नाही.

ज्याचं जातं त्याच्याशी आधी बोलायचं, आणि त्याला काय मिळणार ते स्पष्ट सांगायचं, आपल्या किनाऱ्यावर जे जे बदल टिकलेत ते असेच टिकलेत असं माझं मत आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघ. कासवाची अंडी लोक खायचे, विकायचे, कित्येक वर्षं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमाराला तिथे काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच माणसांना राखणीला घेतलं, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला तेव्हा बघायला येणाऱ्यांची सोय हॉटेलात न करता गावातल्या घरांत झाली. ज्या गावाने अंडी सोडली त्याच गावाच्या घरात पैसा आला. किंवा जाळ्यांचं घे. कासव नाहीतर देवमुशी जाळ्यात अडकली तर सोडा हो, सोडा, असं मच्छीमारांना वर्षानुवर्षं सांगत होते, पण जाळं कापायचं तर नुकसान त्याचं. डिसेंबर २०१८ पासून कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने योजना आणली, संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्यानंतर जाळी कापून प्राणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. तेच मच्छीमार, तोच समुद्र, फक्त जाळ्याचं नुकसान एकट्याच्या अंगावर राहिलं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच विषयावरच्या कामासाठी, सामाईक कुरण, पाणी, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात. त्यांच्या यादीत एक मुद्दा असा आहे की नियमाने ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना तो नियम बदलायच्या प्रक्रियेत जागा असली पाहिजे. जागा म्हणजे प्लास्टिकची खुर्ची नव्हे.

बायकांना काय मिळू शकतं हे त्यांनाच विचार, पण तुझ्या डोक्यात एक उदाहरण असू दे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हवत कांदळवन सफर करवतात, झाडांची, पक्ष्यांची माहिती पण त्याच देतात. तुमच्या आराखड्यात बायका कुठे आहेत? जेवण करायला, बरोबर? मी पत्रात शोधलं, जेवणाशिवाय कुठे दिसल्या नाहीत. ज्यांना त्या खाडीचा प्रत्येक वाफा माहीत आहे त्यांना स्वयंपाकघरात ठेवून गाईड म्हणून कॉलेजची पोरं घेणार असाल तर अवघड आहे. त्यांना घेऊन एकदा वेंगुर्ल्याला जा, एसटीने जा, त्या बायकांशी या बायकांना बोलू दे आणि तू आणि काका जरा लांब चहा पीत बसा.

काकांचं. ते बोलतात कारण त्यांना काम नाही दिलंय, गावात परत आलेल्या माणसाला आपली गरज आहे हे दिसायला हवं असतं, त्यात चूक काही नाही. त्यांना माईकऐवजी फाईल दे. प्रवासी होडीला मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते, लाइफ जॅकेट, विमा, कांदळवनात जायचं तर वनविभागाशी बोलणं, होमस्टेसाठी पर्यटनाची निवास-न्याहारी नोंदणी, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि मुळात गावातल्या एका ग्रुपला खाडीचा भाग राखीव म्हणून जाहीर करता येतो का, हा प्रश्न कोणी विचारलाय का अजून? ऑफिसात चार-चार फेऱ्या मारायला ज्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही आहे असा माणूस तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याला लोगोच्या चर्चेला बसवलंय. दर मीटिंगला दहा मिनिटं त्यांच्या फाईलची. ती झाली की पुढचा विषय. हे तू सांगितलंस तर सुनेने उलट बोलल्यासारखं होईल, तेव्हा त्यांच्या वयाचा कोणीतरी मध्ये घाल, गुरुजी, देवळाचे मानकरी, कोणी असेल.

मोहल्ल्यातले दोघे. त्यांना फक्त होडीसाठी बोलावलंय ना? त्यांच्या घरात पण पाहुणे राहू शकतात आणि तिथलं जेवण हे कोकणातलंच जेवण आहे, ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली होती का, की यादी वरच्या वाडीपाशीच संपली? भाडोत्री ड्रायव्हर म्हणून घेतलेला माणूस भाडं मिळेपर्यंतच थांबतो. हा विषय नाजूक आहे, मोठ्या मीटिंगमध्ये एकदम काढू नको, पण काढ.

आणि खरं भांडण अजून व्हायचंय, ते पैशांवर होणार आहे. पाहुणा एक, त्याने दिलेले पैसे होडीवाल्याचे किती, घरवाल्याचे किती, गाईडचे किती, ग्रुपच्या खात्यात किती. हे सीझन सुरू व्हायच्या आधी भिंतीवर लिहून लावा. आपल्याकडे रापणीत (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) हे किती साधं आहे बघ, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, दोरी ओढणाऱ्यांचा वेगळा, आणि ते किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. ओढताना दोन्ही बाजूला वेगवेगळ्या घरची माणसं असतात, एकमेकांशी बोलत नसतील एखादवेळी, तरी दोरी ओढतात, कारण वाटा काय मिळणार ते माहीत असतं. तुमच्या ग्रुपने एकमेकांवर प्रेम करायची गरज नाहीये. मी तर म्हणते टीमबिल्डिंगचे खेळ वगैरे काही ठरवलं असशील तर रद्द कर, त्या पैशात वेंगुर्ल्याची ट्रिप होईल.

आता तुझा मूळ प्रश्न, चार-पाच समविचारी घेऊन सुरू करू का. अर्धं हो. होमस्टे, जेवण, बुकिंग, फोटो, हे ज्याला जमेल त्याने उद्यापासून सुरू करावं, त्याला सगळ्या गावाची संमती कशाला पाहिजे, दोन घरं चालू झाली तर तिसऱ्याला दिसेल तरी. पण खाडीचा नियम चार-पाच जणांनी करायचा विषयच नाही, कारण खाडीत सगळे उतरतात आणि एकाने रात्री आडवं जाळं लावलं की तुमचं राखीव क्षेत्र संपलं. शिवाय "आपल्या विचाराचे" म्हणून तू ज्यांना घेशील ते कोण असतील? शिकलेले, मोबाईलवर लगेच रिप्लाय देणारे, बहुतेक एकाच वाडीतले. तुझ्या मनात नसलं तरी गाव त्याला पार्टीच म्हणणार, आणि पुढे निवडणूक आली की बघायलाच नको. तेव्हा खाडीचं काम लहान कर, पण माणसं कमी करू नको. अख्खा भाग बंद करण्याऐवजी बायका दाखवतील तो एक तुकडा, एक सीझन, तोही बारके सोडायचे एवढ्याच नियमावर. सीझन संपल्यावर टोपल्या बघायच्या आणि परत बोलायचं.

त्यांनी साफ नाही म्हटलं तर? म्हणू शकतात. मग तो भाग सोड आणि होडीचा रस्ता बदल, बेटाच्या पुढून न्या. खाडी मोठी आहे, पर्यटकाला कळणारपण नाही कुठला भाग राखीव होता. नाही ऐकून घेऊन तू रस्ता बदललास हे त्या बायकांना दिसलं तर पुढच्या वेळी त्या अंगणात बोलतील ते मीटिंगमध्ये पण बोलतील, आणि नाही बोलल्या तरी निदान तुला अंगणात तरी सांगतील.

एक घरातलं विचारायचं होतं, तू सासूबाईंबद्दल अख्ख्या पत्रात काही लिहिलं नाहीस. त्या कधी तिसऱ्यांना जायच्या का गो? खाडीकाठचं घर आहे, बहुतेक जात असतील तरुणपणी, निदान त्यांची आई तरी. त्यांना विचार, आणि जमलं तर पहिल्या दिवशी त्यांनाच पुढे घालून जा, कोल्हापूरची सून एकटी उतरण्यापेक्षा ते बरं दिसेल आणि पाय कुठे ठेवायचा ते पण त्या सांगतील, त्या चिखलात कालवांच्या कवचाने पाय कापतो, चपलेवर जाऊ नको, जुने बूट घाल.

जाऊन आलीस की लिही. बायकांनी काय सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिही, मालवणीत असलं तरी चालेल, मला कळतं.